आतल्या दारांच्या चौकटी: कोणत्या भिंतीला कोणती चालते

दार घेताना रंग, लाकडाच्या रेषा, मूठ सगळं नीट पाहिलं जातं आणि चौकट मात्र दारासोबत जी येईल ती घेतली जाते. हा क्रम उलटा आहे. दार आवडेनासं झालं तर बिजागऱ्यांचे स्क्रू काढून तासाभरात बदलता येतं. चौकट बदलायची तर गिलावा फुटतो, फरशीची कड उडते आणि खोलीचा रंग पुन्हा काढावा लागतो. म्हणून चौकट आधी ठरवावी, तीही दोन प्रश्न विचारून: भिंत कशाची आणि किती जाड आहे, आणि जमिनीवर पाणी किती येणार आहे. लाकूड की डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) की लोखंड, हे त्यानंतर.

भिंतीची जाडी म्हणजे विटेची जाडी नव्हे, तयार भिंतीची. १०० मिमीच्या ब्लॉकवर दोन्ही बाजूंनी १२ मिमी गिलावा आला की भिंत १२४ मिमीची होते, तिला १२५ मिमी जाडीची चौकट बसते. हीच भिंत न्हाणीघराची असेल तर एका बाजूला टाइल आणि तिच्याखालचा चिकटमाल मिळून आणखी १२ ते १५ मिमी वाढतात. एकाच मापाच्या सगळ्या चौकटी मागवल्या की नेमकी न्हाणीघराची चौकट टाइलच्या आत बुडते आणि तिथे पाणी साचणारी एक अरुंद पायरी तयार होते. जिप्सम बोर्डाच्या भिंतीचा हिशेब वेगळा: ५० मिमीचा सांगाडा आणि दोन्हीकडे १२.५ मिमीचा एकेक बोर्ड म्हणजे ७५ मिमी, ७० मिमीचा सांगाडा घेतला तर ९५ मिमी. तिथे नेहमीची १०० मिमीची चौकट दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते. २३० मिमीच्या जाड भिंतीत पूर्ण रुंदीची चौकट घालायची गरज नसते. ती एका बाजूच्या गिलाव्याच्या पातळीत बसवावी, आणि ती बाजू दार ज्या खोलीत उघडतं तीच असावी. मधोमध बसवली तर दार काटकोनापर्यंत उघडून भिंतीच्या कडेला अडतं.

आता रुंदीची बेरीज. ८०० बाय २०४० मिमीचं आणि ३५ मिमी जाडीचं दार धरू. दोन्ही बाजूंना ३ मिमी फट सोडली की एका बाजूच्या खाचेपासून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत (खाच म्हणजे बंद दार ज्यात बसतं ती चौकटीतली पायरी) ८०६ मिमी लागतात. चौकटीची बाही, म्हणजे बाजूचा उभा खांब, ६५ मिमीची आणि तिच्यात दार टेकायची खाच १२ मिमी आत गेलेली असेल तर खाचेमागे ५३ मिमी उरतात. दोन बाह्यांचे मिळून १०६, म्हणजे चौकटीचं बाहेरून माप ९१२ मिमी. पाचरी मारून सरळ करायला प्रत्येक बाजूला १० ते १२ मिमी जागा धरली की भिंतीत साधारण ९३५ मिमीचं भगदाड हवं. उंचीत तयार फरशीपासून ७ मिमी फट, मग दार, वर ३ मिमी फट, त्यावर ५३ मिमी आणि १२ मिमी जागा, म्हणजे २११५ मिमी. ‘तयार फरशीपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. फरशी अजून घातलेली नसेल तर स्लॅबपासून मोजताना तिची जाडी, अनेकदा ५० ते ६० मिमी, त्यात मिळवावी लागते. ती विसरली की नंतर दार खालून कापावं लागतं, आणि पोकळ गाभ्याचं दार २०-३० मिमी कापलं की खालची पट्टीच निघून जाते.

या मापातून आणखी एक गोष्ट कळते. ८०० मिमीचं दार काटकोनात उघडल्यावर दाराची जाडी आणि समोरच्या बाहीचा दार टेकायचा काठ जागा खातात, आणि जायला प्रत्यक्षात ७५५ मिमीच्या आसपास मिळतात. चाकाची खुर्ची सहज जायला ८१५ मिमी मोकळे हवेत. ज्या खोलीत वयस्कर माणूस राहणार आहे तिथे ९०० मिमीच्या दाराची चौकट घ्यावी. हा निर्णय पुढे ढकलता येत नाही.

आता एकेक प्रकार.

भरीव लाकडाची चौकट अजूनही सर्वात क्षमाशील आहे. स्क्रू सैल झाला तर भोकात लाकडाची खुंटी गोंद लावून ठोकता येते, कड रंधता येते, बिजागरीची जागा बदलता येते. आतल्या दारांना १०० बाय ६५ मिमीचा छेद पुरतो. लाकडाची जात सगळे विचारतात, ओल मात्र कोणी विचारत नाही. चौकटीचं लाकूड १२ टक्क्यांच्या आत वाळलेलं हवं, सतत वातानुकूलित खोलीत ८ ते १० टक्के. दोन टोकदार पिनांचा ओलमापक बाहीच्या टोकाला नव्हे, मधे टोचून पाहावा, कारण टोकं आधी वाळतात. १८ टक्क्यांचं लाकूड १२ वर आलं की ६५ मिमीचा छेद पाऊण-एक मिलिमीटरने आक्रसतो. ते चालवून घेता येतं. खरी भीती पीळ पडण्याची. वाकड्यातिकड्या रेषांचं किंवा खोडाचा अगदी मधला गाभा आत आलेलं लाकूड वाळताना पिळतं, आणि पिळलेल्या बाहीवर दार वर टेकतं तेव्हा खाली उघडं राहतं. म्हणून बाही डोळ्याजवळ धरून टोकाकडे पाहावं, दोन्ही कडा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. खोडाच्या बाहेरच्या थरातलं फिकट लाकूड चौकटीत असेल तर सागवान असूनही वाळवी आणि भुंगेरे तिथूनच आत शिरतात. भिंतीला लागणारी मागची बाजू आणि कापलेली टोकं बसवण्याआधी वाळवीनाशक आणि प्राइमर लावून बंद करावीत. बसवल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. वरच्या कोपऱ्याचा सांधा कुसूचा, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात बसवलेला हवा, नुसत्या खिळ्यांचा नको.

खाचही पाहावी. भरीव लाकडातून कोरून काढलेली खाच मजबूत असते आणि आवाजही चांगला अडवते. वरून ठोकलेली पट्टी मात्र सरकवता येते, त्यामुळे दार किंचित पिळलेलं निघालं तर तिच्याने जुळवून घेता येतं. झोपायच्या खोलीला कोरलेली खाच घ्यावी, आणि तिची रुंदी दाराच्या जाडीपेक्षा एक-दोन मिमी जास्त असावी. रंगाचे थर आणि रबराची पट्टी यांनी ही जागा भरून निघते.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुगा, पीव्हीसी आणि भराव यांचं मिश्रण. न्हाणीघरासाठी याच्याइतकी बिनघोर चौकट दुसरी नाही. ती पाण्याने फुगत नाही आणि तिला वाळवी लागत नाही. मात्र ‘लाकडाला पर्याय’ म्हणून ती सगळीकडे लावणं चूक आहे. लाकडाच्या मानाने ती बरीच लवचीक असते, म्हणून भिंतीला धरणारे स्क्रू टोकांपासून १५० मिमीवर सुरू करून पुढे ४५० मिमीच्या आत घ्यावे लागतात. लाकडासारखे बाहीला तीनच आधार दिले तर मधे पोट येतं आणि कुलुपाची जीभ पट्टीत बसत नाही. आतला गाभा फेसाळ असतो, घट्ट कवच वरच्या दोन-तीन मिलिमीटरांपुरतंच. बिजागरी खोलवर कोरून बसवली की हे कवचच निघून जातं आणि स्क्रू फेसात अडकतो. बिजागरी तिच्या पानाच्या जाडीइतकीच कोरावी, ५० मिमीचे स्क्रू घ्यावेत, आधी बारीक भोक पाडावं आणि मशीनचा वेग कमी ठेवावा. घासाने गरम झालेलं प्लास्टिक मऊ पडतं आणि आटे धरत नाही. घेण्याआधी कापलेला तुकडा मागावा आणि त्यात एक स्क्रू तीनदा घालून काढावा. तिसऱ्यांदाही घट्ट बसला तर माल घ्यावा. तुकड्याच्या कापलेल्या तोंडावर फेसाची भोकं सारखी आणि बारीक दिसली पाहिजेत, मोठी पोकळी दिसली तर तो गठ्ठा सोडावा. थेट उन्हात, विशेषतः गडद रंगात, ही चौकट घेऊ नये. तापल्यावर ती लाकडापेक्षा जास्त लांबते आणि मऊही होते. भरीव लाकडाचं जड दारही तिला नको.

जड म्हणजे किती, हे आकड्यात पाहिलेलं बरं. वर हिशेबाला धरलेलं ८०० मिमीचं दार भरीव फ्लश (दोन्ही बाजू सपाट) असेल तर साधारण ३४ किलोचं भरतं. वरची बिजागरी माथ्यापासून १८० मिमीवर आणि खालची तळापासून २५० मिमीवर असेल तर दोघींत १६१० मिमी अंतर राहतं, आणि वरच्या बिजागरीला दार साडेआठ किलोच्या जोराने सतत बाहेर ओढतं. तेच दार एक मीटर रुंद केलं की वजन ४३ किलो आणि ओढ साडेतेरा किलोच्या आसपास. रुंदी पावपट वाढली, पण ओढ दीडपटीहून जास्त झाली, कारण वजन आणि तरफ दोन्ही एकदम वाढतात. म्हणून रुंद दाराला चौकटीचा स्क्रू धरायचा गुण सर्वात आधी तपासावा, आणि तिसरी बिजागरी मधोमध न लावता वरच्या बिजागरीखाली २०० मिमीवर लावावी. मधली बिजागरी दाराला बाक येऊ देत नाही, पण वजन पेलायला तिचा फारसा उपयोग नसतो. हलक्या दाराला मधेच ठीक.

पत्र्याची दाबून वळवलेली चौकट कार्यालयं, शाळा, दवाखाने अशा वर्दळीच्या जागी उत्तम. स्ट्रेचर किंवा हातगाडी आदळली तरी लाकडासारखी कपची उडत नाही. जस्ताचा थर दिलेला पत्रा १.२ मिमीच्या खाली नसावा, वर्दळीच्या दारांना १.५ किंवा १.६ मिमी. पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त लक्ष आतून जोडलेल्या गोष्टींकडे द्यावं. बिजागरीच्या जागी मागून किमान ३ मिमीची पट्टी वेल्ड केलेली हवी, नाहीतर स्क्रूचे दोन आटे पातळ पत्र्यात फिरत राहतात. कुलुपाच्या भोकामागे छोटी पत्र्याची डबी हवी. ती नसली की आत भरलेला सिमेंटचा माल भोकात येऊन वाळतो आणि कुलुपाची जीभ आत जात नाही. मग छिन्नीने माल फोडताना चौकटीचा रंग जातो. अशी चौकट पोकळ ठेवली तर प्रत्येक दार आपटल्यावर डब्यासारखी वाजते, म्हणून बाह्या मालाने भरायच्याच. ओल्या मालाचा दाब पत्र्याला फुगवतो, तेव्हा भरण्याआधी दोन बाह्यांमध्ये खाली, मधे आणि वर अशा तीन आडव्या लाकडी पट्ट्या अगदी मापात अडकवाव्यात आणि माल टप्प्याटप्प्याने भरावा. गंज नेहमी खालच्या १५० मिमीत सुरू होतो, तेवढ्या भागाला आतून डांबरी रंग द्यावा.

आग अडवणाऱ्या दाराच्या बाबतीत सरमिसळ चालत नाही. चौकट, दार, बिजागऱ्या आणि खाचेतली उष्णतेने फुगणारी पट्टी ही एकत्र चाचणी झालेली जोडी असते. एका उत्पादकाची चौकट आणि दुसऱ्याचं दार जोडलं की त्यावरचा, आग किती तास अडेल हा आकडा निरर्थक होतो.

एमडीएफची (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीची) सरकती चौकट, म्हणजे एका बाजूची सजावटीची पट्टी आत-बाहेर होऊन भिंतीची जाडी जुळवून घेणारी, कोरड्या खोल्यांसाठी आमच्या मते सर्वात स्वच्छ काम आहे. ती फरशी आणि रंग झाल्यावर बसते, त्यामुळे गवंड्याच्या हाताखाली खराब होत नाही. भिंत कुठे १२० तर कुठे १२८ मिमी असेल तरी कडेची फट दिसत नाही. मात्र भगदाड सरळ हवं: ओळंब्यात दहा मिलिमीटरांहून जास्त फरक असेल तर चौकट बसवणारा ती सरळ करू शकत नाही. बसवायचा पीयू फोम (फटीत फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फेस) कमी फुगणारा घ्यावा. साधा फोम तासाभरात बाह्या आत ढकलतो आणि दुसऱ्या दिवशी दार बंदच होत नाही. तीन आडव्या पट्ट्या इथेही लागतात. नुसत्या फोमवर हलकं दार टिकतं. भरीव दाराला बिजागऱ्यांच्या मागे कडक पाचर आणि खाचेतल्या रबराखाली लपणारा लांब स्क्रू हवाच.

या चौकटीचं मरण पुसायच्या पाण्यात आहे. हिरव्या रंगाचा ‘ओल सहन करणारा’ एमडीएफ दमट हवा सोसतो, उभं पाणी नाही. बाहीचं कापलेलं तोंड फरशीपासून २-३ मिमी वर ठेवून, आधी वॉर्निश किंवा प्राइमर पाजून मग सिलिकॉनने बंद करावं. पांढऱ्या चौकटीच्या तळाशी आलेला फुगवटा पुन्हा बसत नाही. न्हाणीघर, धुण्याची जागा आणि मोरीचा दरवाजा इथे ती लावूच नये, विक्रेता काहीही म्हणो.

दगडी चौकट पाण्यात अमर आहे, पण बिजागरीसाठी पाडलेलं भोक दोन मिलिमीटर चुकलं तर पुढे सगळी दुरुस्ती दारातच करावी लागते. ॲल्युमिनियमची सडपातळ चौकट काचेच्या दाराला आणि बोर्डाच्या भिंतीला शोभते आणि टिकतेही.

भिंतीत लपणारी चौकट, जिची कड दिसतच नाही, तिच्याबद्दल मागणी वाढते आहे. देखणी असते, यात शंका नाही. पण ती गिलाव्याआधी बसते आणि मग गिलावा तिच्याशी एका पातळीत आणावा लागतो. दोन मीटरची सरळ पट्टी भिंतीला लावल्यावर तिच्याखाली २ मिमीहून मोठी फट दिसत असेल तर दार आणि भिंत एका रेषेत येणार नाहीत, आणि इथे चूक झाकायला कडेची पट्टीही नसते. चौकट आणि गिलावा यांच्या सांध्यावर जाळी न बसवल्यास दार आपटून आपटून केसासारखी भेग उमटते. जिथे गवंडी पट्टी लावून काम तपासतो तिथेच हिचा विचार करावा.

भिंत कशी धरेल, हेही निवडीतच येतं. भाजक्या विटेत आणि काँक्रीटमध्ये १० मिमी जाडीचा, १०० ते १२० मिमी लांबीचा नायलॉन बुशाचा (भोकात बसून फुगणाऱ्या नळीचा) स्क्रू नीट बसतो, मात्र भोक विटेत पाडावं, विटांमधल्या सांध्यात नको. हलक्या फेसाळ ब्लॉकमध्ये होल्डफास्ट, म्हणजे चौकटीला जोडून भिंतीत गाडायची लोखंडी पट्टी, फार काळ धरत नाही, कारण ब्लॉक आजूबाजूने चुरत जातो. तिथे बांधकामातच आधाराच्या जागी काँक्रीटचे ब्लॉक घालून घ्यावेत, किंवा अशा ब्लॉकसाठीच बनवलेले लांब बुश वापरावेत. लाकडी चौकटीला विटेच्या भिंतीत बाहीमागे तीन होल्डफास्ट पुरतात. त्यांचे खड्डे मालाने नव्हे, बारीक खडीच्या काँक्रीटने भरावेत आणि काही दिवस दार टांगू नये. ओल्या काँक्रीटवर टांगलेलं दार बाही वरच्या टोकाला दोन मिमी ओढतं आणि ती तशीच पक्की होते. बोर्डाच्या भिंतीत दाराच्या दोन्ही बाजूंचे उभे सांगाडे जाड पत्र्याचे घ्यावेत किंवा आत लाकूड भरावं. बोर्डाचा सांधा दाराच्या कोपऱ्यावर येऊ देऊ नये. बोर्ड कोपऱ्याभोवती एल आकारात कापला की तिथली तिरकी भेग टळते.

मालाची गाडी आल्यावर सही करण्याआधी चार मोजमापं करावीत. चौकट जमिनीवर आडवी ठेवून दोन्ही कर्ण मोजावेत, फरक २ मिमीच्या आत हवा. बाह्यांमधलं अंतर वर, मधे आणि खाली मोजावं. दोन विरुद्ध कोपऱ्यांतून दोऱ्या ताणाव्यात: मधे त्या एकमेकींना जेमतेम स्पर्श करत असतील तर चौकटीला पीळ नाही, एक दुसरीला दाबत असेल किंवा दोघींत फट असेल तर आहे. दोऱ्या वर-खाली बदलूनही पाहाव्यात. चौथं, दार कोणत्या हाताचं आणि कुठल्या खोलीत उघडणार हे चौकटीवर खडूने लिहून घ्यावं. खाच आणि बिजागरीच्या जागा कारखान्यात कोरून आलेल्या असतील तर उजवी चौकट डावीकडे चालत नाही, आणि उलटी करून बसवली तर बिजागऱ्यांचे खड्डे चुकीच्या उंचीवर जातात.

बसवताना ओळंबा दोन दिशांनी धरावा, भिंतीच्या पातळीत आणि दाराच्या जाडीच्या दिशेने. दुसरा बहुतेक वेळा राहून जातो. बिजागरीकडची बाही दोन मीटरमध्ये ३ मिमी कलली तरी दार अर्धवट उघडं सोडल्यावर आपोआप मिटतं किंवा उघडत जातं, आणि मग दोष बिजागरीला दिला जातो. आधी बिजागरीकडची बाही पक्की करावी, दार टांगून फट सारखी दिसते का पाहावं, आणि त्यानंतरच कुलुपाकडच्या बाहीचे स्क्रू आवळावेत.